पोहण्याच्या बाई समुद्रावर जायचं ठरवतात

शहरातल्या निम्म्या लोकांना आमच्या हिने पाण्यात ढकललंय, असं बाईंचे यजमान बेकरीच्या गल्ल्यामागे उभे राहून नव्या गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानाने सांगत. 'ढकललंय' हे काही खरं नव्हतं. बाई कुणाला ढकलत नसत. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या मुलाच्या पोटाखाली हात धरायच्या आणि त्याला इकडचं तिकडचं विचारत राहायच्या: डब्यात काय आणलंस, मोठी ताई जास्त मारते की आई. मूल उत्तर देण्यात गुंतलं की हात हळूच निघायचा. मुलाला कळायचं तेव्हा ते तरंगत असायचं, आणि मग घाबरून रडायचं की आनंदाने ओरडायचं हेच त्याला ठरवता यायचं नाही.

नगरपालिकेच्या त्या छपराखालच्या तलावावर बाईंचं लग्नाआधीपासूनचं आयुष्य गेलं होतं. केसांना क्लोरीनचा वास सुट्टीच्या दिवशीही यायचा. आवाज इतका मोठा की घरात त्यांनी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. घरातल्या कोरड्या फरशीवरूनही त्या ओल्यावरून चालल्यासारख्या जपून पाय टाकायच्या. सगळं शहर त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, आणि पोलिस असो की दाताचा डॉक्टर, बाई दिसल्या की आपोआप पाठ ताठ करायचा.

अशा बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण कुणी कधी विचारलंही नव्हतं. पाहिलाच असेल असं लोक धरून चालायचे. शहर समुद्रापासून लांब. त्यात यजमानांची बेकरी, आणि पाव लोकांना रोज लागतो. भट्टी एकदा थंड केली की पुन्हा तापायला फार वेळ घेते, आणि यजमानांचं, म्हणजे पाववाल्यांचं, म्हणणं असं, की गिऱ्हाईकही तसंच असतं. लेकीच्या लग्नाला त्यांनी भट्टी बंद ठेवली होती तेवढीच. त्या दिवशीसुद्धा जेवणाच्या पंगतीत ते मधेच घड्याळाकडे बघत होते.

मग एका सकाळी तलावाच्या व्यवस्थापकांनी बाईंना कचेरीत बोलावलं. "बाई, खालच्या फरशा सुटायला लागल्यात. परवा एका मुलाचा पाय कापला. पुढच्या महिन्यापासून तलाव पूर्ण रिकामा करून काम करायचंय. तुम्ही तीन महिने घरी."

"घरी बसून मी काय करू?"

"आराम करा," व्यवस्थापक म्हणाले, आणि जणू काही मोठी भेट दिल्यासारखे हसले.

पाणी उपसलं त्या दिवशी बाई बघायला गेल्या. पायात चपला घालून तलावात उतरायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. उताराच्या फरशीवरून चालत त्या खोल टोकाला गेल्या आणि वर बघितलं. काठ पार डोक्यावर गेला होता. तळावरून जाणारी काळी रेघ, जिच्यावर नजर ठेवून त्यांनी हजारदा येरझाऱ्या घातल्या होत्या, ती चपलेखाली अगदी साधी दिसत होती. कोपऱ्यात केसांच्या दोन पिना आणि एक फुटका चष्मा पडलेला होता. तिथे उभं राहून बाईंना वाटलं, एवढंच का? एवढ्याशा खड्ड्यात आपण सगळं आयुष्य काढलं? रागाने नाही वाटलं ते. एखाद्या जुन्या मैत्रिणीला पहिल्यांदाच झोपेत पाहावं तसं वाटलं.

पाववाले पहाटेच्या आधी उठत, त्यामुळे या घरात रात्रीचं जेवण संध्याकाळीच उरकायचं. त्या दिवशी जेवता जेवता बाई म्हणाल्या, "आपण समुद्रावर जाऊया."

पाववाल्यांचा घास हातातच राहिला. "कोणत्या?"

"कोणत्याही. मला तीन महिने सुट्टी आहे."

"तुला आहे. भट्टीला कुठे आहे?"

"मी येणार," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी ऐंशी ओलांडली होती आणि त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणजे औषध घ्या म्हटलं की ऐकू यायचं नाही. बाहेर जायची गोष्ट मात्र त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येई.

"आई, अजून काही ठरलेलं नाही," पाववाले म्हणाले.

"मग ठरव. तू ठरवेपर्यंत मी थांबेन असं काही नाही हं. माझं वय बघ."

पाववाल्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून भट्टी कोण सांभाळणार असं विचारलं. बाईंनी धाकट्या दिरांचं नाव घेतलं. दीर याच बेकरीत वाढलेले, हल्लीच गुडघ्यामुळे काम सोडून घरी बसलेले, आणि घरी बसून जावेचं डोकं खाणारे. जाऊबाई तर हात जोडून परवानगी देतील, असं बाई म्हणाल्या.

"त्याने एकदा अख्खी खेप जाळली होती."

"तेव्हा तो सोळा वर्षांचा होता," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याला नातू आहे. विसर की रे बाबा."

ट्रॅव्हलचं ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिन्याने चढून गेलं की होतं. टेबलावर विमानाचं छोटं मॉडेल, भिंतीवर निळ्या पाण्याचे फोटो, आणि खुर्चीत एक तिशीतली तरुणी. बाईंनी दारातून तिला पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "अगं, गोगलगाय!"

ट्रॅव्हलवाली दचकली, मग खळखळून हसली. लहानपणी तिला आईने तलावावर घातलं होतं. तिने तलावाच्या कडेची दांडी जी धरली ती काही केल्या सोडली नाही. बाकीची पोरं पार पलीकडे जाऊन यायची आणि ही दांडीला चिकटून सगळ्या तलावाची प्रदक्षिणा करायची. पोरांनीच नाव ठेवलं होतं, गोगलगाय. बाईंनी कितीतरी गमती सांगून पाहिल्या, हात धरून पाहिला, शेवटी तिला दांडी धरूनच पाय मारू दिले. उन्हाळा संपला, ती निघून गेली.

"बसा बाई. काका, तुम्ही इकडे या. आजी, तुम्हाला ही मऊ खुर्ची."

"तुझी खुर्ची जास्त मऊ दिसतेय," सासूबाई म्हणाल्या. ट्रॅव्हलवाली मुकाट्याने उठली.

कुठे जायचं याची चर्चा पहिल्याच दिवशी तासभर रंगली. प्रत्येकाला वेगळंच काहीतरी हवं होतं. पाववाल्यांना उशिरापर्यंत झोपायचं होतं. लग्न झाल्यापासून आपण उजाडल्यावर उठलोच नाही, ते कसं असतं बघायचंय, म्हणाले. सासूबाईंना कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं होतं, आणि पाणी मीठ घातलेलं असेल तर उत्तमच, कारण त्यांच्या टाचा दुखायच्या. बाईंना काय हवं होतं ते त्यांना नीट सांगता आलं नाही. "समुद्र," एवढंच म्हणाल्या.

"मग भूमध्य समुद्र," ट्रॅव्हलवाली म्हणाली. "पाणी उबदार, लाटा फार नाहीत, भरती-ओहोटी जवळजवळ कळतसुद्धा नाही. या काठावरचा हा देश बघा. लहान आहे, फिरायला सोपा आहे, आणि आजींना सगळीकडे बसायला जागा मिळेल."

"भूमध्य म्हणजे जमिनीच्या मधोमध ना?" सासूबाईंनी नकाशावर बोट फिरवलं. "चहूबाजूंनी जमीन. मग हा कसला समुद्र, हे तर मोठं तळंच की."

बाईंना हे फार आवडलं. चहूबाजूंनी काठ असलेलं पाणी. नकाशावर तो समुद्र खरोखर तसाच दिसत होता, कुणीतरी नीट बांधून काढल्यासारखा.

घरी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तो तिथेच राहिला. ताटं त्याच्यावरच मांडली जाऊ लागली. एका बेटावर लोणच्याचं तेल सांडलं तेव्हा सासूबाईंनी ते बेट रद्द केलं. पाववाले, जे यायलाच तयार नव्हते, त्यांनाच या बेताचं सगळ्यात जास्त वेड लागलं. तिकडे कोणते पाव करतात, पीठ कसलं वापरतात, भट्टी लाकडावर चालते की विजेवर, हे ते कुठून कुठून शोधून काढत. फोनवर तिकडच्या भाषेचे धडे ऐकायला लागले. सकाळी पाव घ्यायला आलेल्या लोकांना ते पाठीमागे पीठ मळता मळता परक्या भाषेत 'नमस्कार' आणि 'स्वच्छतागृह कुठे आहे' असं म्हणताना ऐकू यायचे.

पासपोर्टसाठी फोटो काढायला सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा फोटोवाला म्हणाला, "आजी, हसायचं नाही."

"का?"

"सरकारी नियम आहे."

"इतक्या वर्षांनी मी फोटो काढतेय, तोंड पाडून कशाला बसू?" आणि त्या मुद्दाम हसल्या. तीन फोटो वाया गेले. चौथ्या वेळी फोटोवाल्याने त्यांना आता पुरे झालं, तुम्ही नाही गेलात तरी चालेल म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा जो गंभीर झाला तो त्याने पटकन टिपला.

एवढ्या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र पुढे सरकत नव्हती. मुक्काम कुठे करायचा हे ठरत नव्हतं, आणि ते बाईंमुळे ठरत नव्हतं.

ट्रॅव्हलवाली एक गाव सुचवायची. बाई फोटो न्याहाळायच्या आणि विचारायच्या, "पाणी किती खोल आहे?"

"किनाऱ्यापाशी फार नाही."

"आणि पुढे?"

"पुढे समुद्र आहे, बाई."

"तळ दिसतो का?"

दुसरं गाव काढलं की पुन्हा तेच. एका ठिकाणी खडकावरून सरळ पाण्यात उतरायच्या शिड्या होत्या. तो फोटो बाईंनी बघितला, पाणी खाली निळ्याचं जांभळं होत गेलेलं, आणि त्यांनी तो पटकन उलटा ठेवला. पित्त झालंय म्हणत त्यांनी घरी जाऊन थंड दूध घेतलं. पाववाले कातावले. "अगं, तुलाच सगळ्यात जास्त पोहता येतं आणि तूच पाणी जोखत बसलीस! आई विचारत नाही, मी विचारत नाही."

"तुम्हाला पोहायचंच नाहीये."

ते खरं होतं. लग्न झाल्यावर बाईंनी नवऱ्याला शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता. पाववाले पाण्यात उतरले, नाकातोंडात पाणी गेलं, वर येऊन त्यांनी अंग पुसलं आणि आपला जन्म पिठात हात घालायला झालाय असं जाहीर केलं. तो विषय तिथेच मिटला होता.

रविवारी बेकरी दुपारनंतर बंद असायची. पाववाले म्हणाले, चला, एकदा रंगीत तालीम करू. शहराबाहेर धरण होतं. धरणाच्या एका बाजूला लोक पोहायला जात. नवी घडीची खुर्ची उघडून बघता येईल, आईची नवी टोपी वाऱ्यात टिकते का बघता येईल, आणि ही जरा मोकळ्या पाण्यात हात मारून घेईल.

खुर्ची पहिल्या झटक्यात उघडली नाही, दुसऱ्या झटक्यात पाववाल्यांचं बोट तिच्यात अडकलं, पण अखेर सासूबाई टोपीसकट तिच्यात विराजमान झाल्या. बाईंनी नेहमीचा निळा पोशाख घातला, केस टोपीत कोंबले आणि पाण्यात शिरल्या. पायाच्या बोटांतून चिखल वर आला. मग पाय सुटले आणि त्या नेहमीसारख्या निघाल्या, लांब हात टाकत, श्वास मोजून घेत.

सवयीने त्यांनी खाली बघितलं.

खाली काळी रेघ नव्हती. फरशा नव्हत्या. हिरवट पाणी खाली खाली गडद होत गेलं होतं आणि त्याच्या पुढे काहीच नव्हतं. किती खोल आहे, आत काय आहे, कुठे संपतं, काहीच नाही. हात एकदम जड झाले, श्वास उलटा-सुलटा झाला, आणि ज्या बाईंनी शहराला पोहायला शिकवलं त्या बाई मान वर काढून, नवशिक्या पोरासारखे हातपाय मारत काठाकडे वळल्या. पायाला चिखल लागला तेव्हा त्यांना रडू फुटेल की काय असं झालं.

"काय गं, एवढ्यात?" पाववाल्यांनी मघाशी अडकलेलं बोट चोळत विचारलं.

"गार आहे पाणी."

ऊन नुसतं रणरणत होतं. सासूबाईंनी टोपीच्या कडेखालून सुनेकडे बघितलं आणि मांडीवरचा टॉवेल तेवढा पुढे केला.

सोमवारी बाईंनी ट्रॅव्हलच्या ऑफिसला फोन लावला. त्यांचा आवाज इतका लहान होता की ट्रॅव्हलवालीला दोनदा 'कोण बोलतंय' विचारावं लागलं.

"डोंगरावरचं काही आहे का? थंड हवा, झाडं वगैरे?"

ट्रॅव्हलवाली म्हणाली, "बाई, तुम्ही इकडे या ना. एकट्याच या."

बाई गेल्या. ट्रॅव्हलवालीने दार लोटून घेतलं, चहा मागवला आणि नकाशे, फोटो सगळे एका बाजूला सारले.

"धरणावर काही झालं का?" तिने विचारलं. "काका फोनवर सांगत होते, तुम्ही सगळे जाणार होतात म्हणून."

बाईंनी आधी पित्ताचं कारण सांगितलं, मग पाण्याच्या गारव्याचं. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "तळ दिसला नाही गं. मला वाटलं, मी आता बुडते. बुडायचं काही कारण नव्हतं, पाणी काही वेगळं नसतं, मला काय ठाऊक नाही होय? पण हातपायच चालेनात. इतकी वर्षं मी पोरांना सांगतेय, पाण्याला भिऊ नका, पाणी तुम्हाला धरून ठेवतं. आणि मी स्वतः, म्हणजे बघ, कुणाला सांगायची सोय नाही."

ट्रॅव्हलवाली हसली नाही. "बाई, तुम्हाला एक विचारू? तुम्हाला माहितीये का, मला अजूनही पोहता येत नाही?"

"नंतर कुठे शिकली असशील असं वाटलं होतं मला."

"नाही. एकदाही नाही. आणि तरी मी दर वर्षी समुद्रावर जाते. घोट्यापर्यंत जाते, फार तर गुडघ्यापर्यंत. मला इतकं आवडतं ना ते! तिथे बसते, खाते, वाचते, पाय भिजवते. मला कुणी विचारत नाही, तू आत का नाही गेलीस म्हणून. समुद्राला काय पडलंय त्याचं."

बाईंनी कप खाली ठेवला.

"तलावावर सगळे मला ओरडायचे," ती पुढे म्हणाली. "आई काठावरून ओरडायची, पोरं चिडवायची. तुम्ही एकट्याच मला म्हणालात, ठीक आहे, दांडी धर, पाय मार. मी त्या उन्हाळ्यात पोहायला शिकले नाही, पण पाण्याचा मला राग आला नाही. नाहीतर आज या भिंतीवर हे फोटो कशाला लावले असते मी?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. चहा कधीच निवला होता. त्यांना एकदम हसू आलं, आधी थोडं, मग तलावाच्या भिंती दणाणतील असं. खालच्या चपलांच्या दुकानातून कुणीतरी वर डोकावून गेलं.

"म्हणजे मी आता गुडघ्यापर्यंत जायचं म्हणतेस?"

"तुम्हाला वाटेल तिथपर्यंत. आणि अशी जागा बघू की जिथे खूप लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी आहे. अशा जागा असतात, बाई. तुम्ही विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी दाखवली असती. पण तुम्ही खोली विचारायचात, तेव्हा मला वाटलं तुम्हाला जास्त खोल हवंय!"

घरी आता सांगायचं बाकी होतं. ते बाईंना समुद्रापेक्षा अवघड वाटत होतं. जेवताना त्यांनी भाजी दोनदा वाढली, पाणी तीनदा ओतलं, शेवटी नकाशावरच्या लोणच्याच्या डागाकडे बघत सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं," सासूबाई लगेच म्हणाल्या. "रविवारी भर उन्हात तुझे दात वाजत होते."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तू बोलशील म्हणून थांबले. सुनेने सांगितल्याशिवाय सासूने काही ओळखू नये, म्हणजे घर नीट चालतं."

पाववाल्यांनी ताट बाजूला सारलं. बाईंना वाटलं, हे आता थट्टा करणार. इतकी वर्षं गल्ल्यावर केलेला सगळा अभिमान आता उलटा होणार. पाववाल्यांनी बोटाने नकाशावरच्या किनाऱ्याची रेघ गिरवली आणि म्हणाले, "म्हणजे आपण तिघंही काठावरचेच. बरं झालं. मला उगाच वाटत होतं, तू आत लांब जाशील आणि मी काठावर बसून तुझ्या टोपीवर नजर ठेवत जीव मुठीत धरून बसेन. मी म्हणूनच यायला नको नको करत होतो."

"भट्टीचं म्हणत होतात ना!"

"भट्टीचंही होतंच," ते म्हणाले.

त्यानंतर बेत असा भराभर उरकला की जणू तो आधीच कुठेतरी शिजून तयार होता. ट्रॅव्हलवालीने मासे धरणाऱ्यांचं एक लहान गाव दाखवलं. वाडग्यासारखी खाडी, पांढरी वाळू, पाणी इतकं नितळ की होडी हवेत टांगल्यासारखी दिसत होती. तळमजल्यावर खोली, म्हणजे सासूबाईंना जिने नकोत. खोलीच्या समोर चिंचोळी गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी बेकरी. हे शेवटचं कळलं तेव्हा पाववाल्यांनी लगेच तिकडच्या भाषेत 'एक पाव द्या' हे वाक्य पाठ केलं. दिरांना चार दिवस भट्टीसमोर उभं करून पुन्हा सगळं समजावलं. पाचव्या दिवशी दीर म्हणाले, "दादा, तू आता जा. तू गेल्याशिवाय पाव फुगणार नाहीत," तेव्हा कुठे त्यांनी किल्ल्या दिल्या.

समुद्र पहिल्यांदा दिसला तो टॅक्सीच्या काचेतून, एका वळणावर. पाववाले चालकाला पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवत होते, सासूबाई डुलकी काढत होत्या. बाईंनी कुणालाच उठवलं नाही. एवढं पाणी, आणि सगळंच्या सगळं चमकणारं. त्यांना भीती वाटली का? वाटली थोडी. पण ती भीती आता ओळखीची होती, तिला सोबत घेऊन बसता येत होतं.

पहिल्या दिवशी त्या गुडघ्यापर्यंत गेल्या आणि तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. पायाखालची वाळू दिसत होती, वाळूवरच्या बारीक नागमोडी रेघा दिसत होत्या, आणि एक इवलासा मासा त्यांच्या घोट्याला हुंगून गेला. दुसऱ्या दिवशी कंबर. मग एका सकाळी, विचार न करता, त्या काठाला धरून समांतर पोहायला लागल्या, पाय टेकेल इतक्याच पाण्यातून. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. खोल पाण्याकडे त्या गेल्या नाहीत, आणि परत येईपर्यंत एकदाही गेल्या नाहीत. खोल पाण्याचा निळा पट्टा लांबून सुंदर दिसायचा. त्या त्याच्याकडे अधूनमधून बघायच्या, जसं लोक डोंगराच्या शिखराकडे बघतात आणि खालीच चहा पितात.

पाववाल्यांना उशिरापर्यंत झोपता आलं नाहीच. पहिल्याच दिवशी नेहमीच्या वेळी डोळे उघडले, आणि गल्लीच्या तोंडाशी भट्टीचा वास आला. ते उठून गेले. आत पिठाने माखलेला एक जाडजूड माणूस उभा होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती; 'एक पाव द्या' एवढं बोलून झाल्यावर पाववाल्यांनी आपले हात पुढे करून दाखवले, मनगटावरचे भाजल्याचे जुने डाग. त्या माणसाने आपले दाखवले. त्यानंतर रोज सकाळी पाववाले तिथेच. दुपारी मात्र ते वाळूवर छत्रीखाली असे घोरायचे की शेजारचे लोक आपली छत्री उचलून लांब न्यायचे.

सासूबाई पहिले दोन दिवस खुर्ची पाण्यात टाकून टाचा भिजवत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला ते लोक झोपतात तसं पाण्यावर झोपायचंय."

"आई, नक्की?"

"तुला शिकवता येतं ना? की फक्त दुसऱ्यांच्या आयांना?"

बाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. सासूबाईंचा सुती झगा पाण्यावर फुग्यासारखा वर आला, तो दाबताना दोघी हसत होत्या. बाईंनी एक हात त्यांच्या मानेखाली आणि एक पाठीखाली धरला. खारं पाणी आपणहून वर उचलत होतं, तलावातल्यापेक्षा जास्त, म्हातारं शरीर सहज वर आलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "बोलू नकोस काही," त्या म्हणाल्या. "कानात पाणी गेलंय. खूप छान आवाज येतोय."

किनाऱ्यावरून पाववाले बघत होते. त्यांनी दोन पावलं पाण्यात टाकली, मग आणखी दोन, आणि पँट भिजल्यावर भानावर येऊन तिथेच थांबले.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिघं लाकडी जिना चढून ट्रॅव्हलच्या ऑफिसात गेले. तिच्यासाठी त्यांनी तिकडचा साबण आणला होता, ऑलिव्हच्या तेलाचा, हिरवट आणि जड. तलाव सुरू झाला होता, नव्या फरशा पांढऱ्याशुभ्र होत्या, बाईंच्या केसांना पुन्हा क्लोरीनचा वास येऊ लागला होता. दिरांनी एकही खेप जाळली नव्हती, आणि याचं पाववाल्यांना थोडं वाईटच वाटलं होतं. आता दीर आठवड्यातून तीन दिवस भट्टीवर येत, जाऊबाई फार खूश होत्या.

बाईंनी ट्रॅव्हलवालीला पोहायला ये असं काही म्हटलं नाही. तिने साबण नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी?"

त्यावर तिघंही एकदम बोलायला लागले, आणि तिने हसत हसत मऊ खुर्ची सासूबाईंकडे सरकवली.